पणजोबांचा कोटीचा आणा

देव्हाऱ्यातल्या वाटीत पणजोबांचं एक नाणं हळदकुंकवाचे थर अंगावर घेऊन बसलं होतं. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८'. किंमत? काका म्हणाले, एक कोटी. मामा म्हणाले, पाच. कारण असलं नाणं तांदूळ ओढतं! प्रयोग झाला. ताटातला एक दाणा हलला नाही.

मग जाणकाराकडे वरात निघाली. निघण्यापूर्वी काकूंनी चिंच-मीठ लावून नाणं लखलखीत केलं. असं घासल्याने खऱ्या नाण्याचीही किंमत उतरते, हे नंतर कळलं. जाणकाराने भिंगातून कड पाहिली आणि सांगितलं, "कंपनीने असला आणा कधी पाडलाच नाही. हे जत्रेतलं टोकन." खरंच, ज्या साली पेशवाई बुडवली त्याच साली कंपनीला रामाची आठवण व्हावी, हा भक्तिभाव जरा जास्तच होता.

वाटीच्या तळाशी एक काळपट, वेडावाकडा तांब्याचा तुकडा होता. त्यावर झिजलेलं 'छत्रपति'. ती शिवराई अस्सल निघाली! पण शिवराया ढिगाने सापडतात, म्हणून भाव बेताचा. जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे.

काका मात्र ठाम आहेत. एका 'खरेदीदारा'ने त्यांच्याकडे आगाऊ कमिशन मागितलंय, रिझर्व्ह बँकेच्या नावाने. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, असं बँकेने २०२१ मध्येच बजावलंय. काकांच्या मते, बँकही जाणकाराला सामील आहे.