मूर्खपणाला माझा दंडवत

समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. आमच्या ठाणे-डोंबिवलीकडे मात्र शिकलेल्या माणसाचं शहाणपण एकाच गोष्टीवरून ठरतं: आपल्या माणसांच्या भानगडीतून तो किती लवकर बाहेर पडला. चार पुस्तकं वाचलीस ना? मग जात, भावकी, पंच हा विषय सोड. घोडबंदर रोडला फ्लॅट घे, नोंदणी पद्धतीने लग्न कर, सुटलास! हा सल्ला मी लोकलमध्ये ऐकलाय, लग्नाच्या पंगतीत ऐकलाय. देणारी माणसं वाईट नसतात. पण मला आदर वाटतो तो हा सल्ला धुडकावणाऱ्या मूर्खांचा.

कल्याणहून कर्जत लाइनला तिसरं स्टेशन अंबरनाथ. तिथल्या कंजारभाट समाजातल्या एका तरुणाने आणि त्याच्या विचारांच्या मुलामुलींनी २०१७ च्या सुमाराला व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला, तो नवरीच्या कौमार्यपरीक्षेविरुद्ध. पहिल्या रात्री पांढरी चादर अंथरायची आणि नंतर भर पंचायतीत नवऱ्याने निकाल सांगायचा, अशी ती प्रथा. मुलगा उच्चशिक्षित. गुपचूप निघून जाणं त्याला सहज जमलं असतं. तो गेला नाही. माझ्याच समाजातल्या मुलींचं काय, हा प्रश्न त्याने समाजालाच विचारला.

मे २०१९ मध्ये त्याची आजी वारली. अंत्ययात्रेला कुणी जायचं नाही, असं समाजाला बजावल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली.

हे वाचलं तेव्हा पोटात कालवलं. आमच्याकडे मयत झालं की बांबू, सुतळी, मडकं कोण आणणार हे घरच्यांना सांगावं लागत नाही. कुणीतरी आधीच निघालेलं असतं. कुणी दाखल्यासाठी डॉक्टरकडे धावतो, शेजारची काकू न विचारता चहाचं पातेलं चढवते. कितीही स्वतंत्र विचार केला तरी तिरडी एकट्याने उचलता येत नाही, आणि पंचांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते वाद घालत बसत नाहीत, खांदे काढून घेतात.

विचार करू लागलेला माणूस समाजातून सुटतो, हे मला मुळीच पटत नाही. तो जास्तच गुंततो. पूर्वी नुसता नात्याने बांधलेला होता, आता जबाबदारीनेही बांधला जातो. पुण्यात समाजसुधारक आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली गेली. तरी १८९५ साली प्राण जाईपर्यंत ते त्याच पुण्यात, त्याच लोकांसाठी लिहीत राहिले. आणि विचारालाही सोबत लागतेच. अंबरनाथच्या मुलालासुद्धा आधी गटच काढावा लागला.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. या कायद्याने तक्रार नोंदवता येते. पण खांदा देण्याची सक्ती कुठलाच कायदा करू शकत नाही. तेव्हा तुमच्या आसपास असं वाळीत टाकलेलं घर असेल आणि तिथे कुणी वारल्याचं कळलं, तर बोलावण्याची वाट पाहू नका. अंगावर असतील त्या कपड्यांनिशी निघा.