उंटवणाऱ्या तात्यांस

तात्या,



हे पत्र बंद पाकिटात घालत नाही. तुम्ही बाता चारचौघांत मारता, तेव्हा त्यांचा जाबही चारचौघांतच विचारतो.

आपल्या ट्रेकच्या टोळक्यात तुमच्यावरून तीन शब्द रुळलेत. तुमच्या तोंडावर ते उच्चारायची हिंमत आजवर कुणाला झाली नाही.

पहिला 'तात्याघटका'. जुनी घटका 24 मिनिटांची. तात्याघटकेला माप नाही. तुम्ही 40 मिनिटं म्हणालात की जाणते लोक तीन तासांचं पाणी भरून घेतात. दुसरा 'कळसूफुगी'. कळसूबाईचं शिखर 1646 मीटर, म्हणजे साधारण 5400 फूट. तुमच्या तोंडून ते कधी 6000 च्या खाली उतरलं नाही. शिवाय ही सगळी उंची आपण पायांनी चढल्यासारखं सांगता. अहो, हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा! पायथ्याचं बारी गाव काय समुद्राच्या काठावर आहे? तिथवर तर तुम्हाला गाडीने आणलेलं असतं.

तिसरा शब्द 'उंटवणे'. शाळेत अतिशयोक्ती अलंकार शिकवताना दमडीच्या तेलाचं उदाहरण असायचं, आठवतं? एवढ्याशा तेलात घरादाराची न्हाणी-दाढी उरकते, उरलेलं सांडतं, त्याचा ओघळ वेशीपर्यंत जातो आणि त्यात उंट पोहून जातो. त्या उंटावरून हे क्रियापद आलं. "तात्या उंटवतायत," असं कुणी पुटपुटलं की बाकीचे समजून जातात.

पण हे पत्र लिहायला बसल्यावर मला त्या उंटाचीच माफी मागावीशी वाटली. दमडीच्या तेलात उंट पोहतो यावर कुणीही विश्वास ठेवत नाही, ठेवावा अशी सांगणाऱ्याचीही अपेक्षा नसते. दोघंही हसतात, कुणी फसत नाही. म्हणून ती अतिशयोक्ती प्रामाणिक आहे. तुमची तशी नाही. तुम्ही वेशीपर्यंत ओघळ नेतच नाही. पटेल एवढंच वाढवता. "एका दमात वर गेलो, गडगडत खाली आलो, तेही चहा थंड व्हायच्या आत," असं सांगितलं असतंत तर आम्ही टाळ्या दिल्या असत्या. तुम्ही कळसूबाईच्या चढाईला 40 मिनिटं म्हणता. 40 मिनिटं खरी वाटतात. मराठीत याला थाप म्हणतात, बंडल म्हणतात, पुडी सोडणं म्हणतात. लोण्याच्या कढीव तुपासारखी साफ उतरली तर लोणकढी म्हणतात. अलंकार कुणी म्हणत नाही.

ती लोणकढी माझ्या भाच्याने गिळली. मे महिन्यात, पहिल्यांदाच डोंगर चढायला आलेला पोरगा. "तात्या साठीचे, 40 मिनिटांत जातात, मला अर्धा तास पुरे," म्हणून पाण्याची एकच बाटली घेऊन निघाला. लोखंडी शिड्या लागेपर्यंत बाटली रिकामी, पोटऱ्यांत गोळे. आम्ही आपल्यातलं पाणी दिलं, सावलीत बसवलं, माथ्यावरच्या देवळापर्यंत नेलं. वर पोचायला साडेतीन तास लागले. पहिल्या खेपेला तेवढा वेळ लागतोच. पण त्या वाऱ्यात, भंडारदऱ्याचं पाणी समोर चमकत असताना, तो पोरगा मान खाली घालून बसला होता. मला म्हणाला, "मामा, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

त्याच्यात काही कमी नव्हतं, तात्या. तुमच्या आकड्यात कमी होतं. त्यानंतरच्या तिन्ही ट्रेकना तो आला नाही. मी बोलावलं की अभ्यासाचं कारण सांगतो.

तुम्ही आम्हाला दोर बांधायला शिकवलंत, पावसातली वाट ओळखायला शिकवलंत. त्यातलं काहीही फुगवून सांगण्याची गरज नाही, म्हणूनच राग जास्त येतो.

येत्या रविवारी पहाटे पाच वाजता बारीत या. भाच्याला मी कसंही करून आणतो. घड्याळ त्याच्या हातात राहील, पुढे तुम्ही चालायचं, आणि माथ्यावर किती वेळ लागला ते सगळ्यांसमोर मोठ्याने तुम्हीच सांगायचं.

पाणी प्रत्येकी तीन लिटर. तुमचंही.

तुमच्या मागून चालणारा,
एक मामा