दोन ओळी तरी लिहा

‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. आलेले साहित्य परत केले जाणार नाही.’ कुठल्याही कथास्पर्धेची जाहिरात घ्या, तळाला ही दोन वाक्यं ठरलेली. पहिल्याशी माझं भांडण नाही, कुणीतरी निकाल लावायलाच हवा. भांडण दुसऱ्याशी आहे. कागद खुशाल ठेवून घ्या, झेरॉक्स ज्याच्या त्याच्या घरी असते. पण कागदाबरोबर लिहिणाऱ्यालाही वाऱ्यावर सोडता, ते मला मान्य नाही.

हौशी लेखकाला स्पर्धेतून काय हवं असतं? बक्षीस हवंच असतं, उगाच खोटं कशाला बोला! पण त्याआधी त्याला एक अनोळखी वाचक हवा असतो. घरचे ‘छान आहे’ म्हणतात. मित्र न वाचताच ‘मस्त’ म्हणून मोकळे होतात. आपलं काही देणं न लागणाऱ्या माणसाने आपली गोष्ट शेवटपर्यंत वाचली, हे कळायला त्याच्यापाशी स्पर्धेशिवाय फारशी वाट नसते. आणि नेमकं तेच आपण त्याला कळू देत नाही.

हल्ली काय होतं? दोनशे रुपये प्रवेशमूल्य मोबाइलवरून जातं. महिन्याभराने मोबाइलवरच सहभागाचं प्रमाणपत्र येतं. कडेने सोनेरी वेलबुट्टी, मधोमध नाव, त्यातही वेलांटी चुकलेली. कथेबद्दल अवाक्षर नाही. प्रवेशमूल्याला माझा विरोध नाही. सभागृहाचं भाडं, परीक्षकांचा प्रवासखर्च कुठून तरी यायलाच हवा. पण पैसे घेतलेत तर वाचल्याची खूण द्या. प्रमाणपत्र ही वाचल्याची खूण नव्हे, ती पैसे पोचल्याची पावती.

तेविसाव्या वर्षी मी एका साप्ताहिकाच्या स्पर्धेला कथा पाठवली होती. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. चार महिने पोस्टमनच्या सायकलकडे डोळे लावून बसलो. निकाल छापून आला, पाकीट आलं नाही. आपली कथा वाईट होती की कुणी उघडलीच नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. वाईट होती असं कळलं असतं तर त्याच आठवड्यात दुसरी लिहायला बसलो असतो. त्यानंतर तीन वर्षं मी काही लिहिलं नाही.

मैत्रीतली स्पर्धा कशी असावी, तर १८१६ च्या जूनमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी झाली तशी. पाऊस थांबत नव्हता. बायरनने घरात अडकलेल्या मंडळींना सांगितलं, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. त्यांत अठरा वर्षांची मेरी होती, लेखिका म्हणून तिला तेव्हा कुणी ओळखत नव्हतं. बायरन आणि शेली या नामवंत कवींनी आपापल्या गोष्टी अर्धवट टाकल्या. मेरीने पुढे लिहून ठेवलंय की रोज सकाळी तिला विचारलं जाई, ‘सुचली का गोष्ट?’ आणि रोज तिला नाही म्हणावं लागे. १८१८ साली तिची ‘फ्रँकेन्स्टाइन’ छापून आली. मला त्या कादंबरीइतकाच तो सकाळचा प्रश्न मोलाचा वाटतो. कुणीतरी वाट बघत होतं.

आपल्याकडेही एका स्पर्धेने मोठं काम केलं. १९५० च्या दशकात ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’च्या जागतिक कथास्पर्धेसाठी भारतीय भाषांतून कथा मागवल्या गेल्या. पालगुम्मि पद्मराजू यांच्या ‘गालिवान’ या तेलुगू कथेला १९५२ मध्ये त्यात दुसरं बक्षीस मिळालं. मल्याळम भाषेची फेरी ‘मातृभूमी’ने घेतली. तिथे पहिला आला जेमतेम विशीतला एम. टी. वासुदेवन नायर, सर्कशीतल्या माणसांची गोष्ट घेऊन. त्याला पुढे १९९५ चं ज्ञानपीठ मिळालं. पण ही झाली जिंकणाऱ्यांची नावं. त्या फेरीत पन्नासावा आलेला कोण होता, त्याला कुणी काय सांगितलं? माझा जीव त्याच्यात अडकतो.

‘नाही’ म्हणायलाही हरकत नाही. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. कॉलेजातली पोरं एकांकिका लिहितात, बसवतात, करतात. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही आणि त्यावर बराच गदारोळ झाला. करंडक राखून ठेवण्याचा परीक्षकांना हक्क आहे, असं मी तेव्हाही म्हणत होतो. पण हा हक्क कुठल्याही स्पर्धेत वापरायचा, तर संहिता लिहिणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला समोर बसवून पान उलटून दाखवायला हवं, की बाबा, इथे घसरलास. निर्णय एका वाक्याचा चालेल, कारण एका वाक्याचं चालत नाही.

‘एवढ्या कथांवर लिहायला वेळ कुणाला आहे?’ असं आयोजक विचारतात. मी हिशोब सांगतो. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका वाचनालयाने कथांची पिशवी माझ्या हातात दिली, आत त्रेसष्ट कथा. प्रत्येकीच्या मागे दोन ओळी लिहायच्या असं ठरवलं. वाचायला आठवडा तसाही लागणारच होता. लिहिण्यात वरती दोन संध्याकाळी गेल्या. बस.

त्यांत एक कथा रेघी वहीच्या आठ पानांवर होती. लिहिणारा एसटीत वाहक. मुक्कामी गाडीची गोष्ट. पहिल्या दोन पानांत मावळतीची सोनेरी किरणं, घरट्याकडे परतणारे पक्षी, सगळं पाठ्यपुस्तकातलं. तिसऱ्या पानावर गाडी शेवटच्या गावी थांबते, चालक टपावर अंथरूण टाकतो, आणि वाहक आतल्या मिणमिणत्या दिव्याखाली पैसे मोजायला बसतो. अकरा रुपये कमी भरतात. तो पुन्हा मोजतो. नाण्यांच्या चवडी लावतो, मोडतो, परत लावतो. दिवसभराचे प्रवासी एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढे येतात: सुट्टे नाहीत म्हणणारी कोळीण, अर्ध्या तिकिटासाठी पोराचं वय चोरणारा बाप, पाया पडून उतरलेली म्हातारी. अकरा रुपयांसाठी तो प्रत्येकावर संशय घेतो आणि प्रत्येकाला सोडून देतो. मी वाचता वाचता उठून बसलो.

मागे लिहिलं: ‘गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू होते. पहिली दोन पानं फाडा. अकरा रुपये कुठे गेले ते शेवटी सांगितलंत, ते सांगू नका.’

बक्षीस त्याला मिळालं नाही. त्याच्याहून चांगल्या चार कथा होत्या, त्यांना मिळालं. समारंभाला मात्र तो आला, ड्यूटी बदलून घेऊन. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलल्या जात होत्या तेव्हा जवळ आला. शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला, माझं अक्षर वर येईल असा धरला.

“सर, ते पैसे कुठे गेले ते मलाही माहीत नाही,” तो म्हणाला. “खिशातून भरले. शेवट नुसता गोड करायचा म्हणून लावला होता.”

“मग काढा तो.”

“काढला,” तो म्हणाला, आणि पाठीवरच्या सॅकमधून नवी वही बाहेर काढली. खुर्च्या उचलणाऱ्या मुलांना मी दोन खुर्च्या राहू द्यायला सांगितल्या.