कुमार थरारकथा लिहा घरच्या घरी (मुहैस्नाह आवृत्ती)

साहित्य : चौदा-पंधरा वर्षांची एक नायिका, वारलेले आजोबा, कुणालाच अक्षर न लागणारा एक कागद आणि काहीतरी दडवून बसलेलं कुटुंब. पहिल्या तीन गोष्टी कल्पनेतून आणा. चौथीसाठी जेवताना सहज विचारा, "आपल्या गावच्या जमिनीचं पुढे काय झालं हो?" आणि कोण आधी पाणी आणायला उठतं ते पाहून ठेवा.

साचा बाजारात तयार मिळतो. एलेन रस्किनच्या 'द वेस्टिंग गेम'मध्ये (1978) किंवा जेनिफर लिन बार्न्सच्या 'द इनहेरिटन्स गेम्स'मध्ये (2020) एक गडगंज म्हातारा वारतो, निदान तसं सांगितलं तरी जातं, आणि वारसांसाठी कोड्यांचा ढीग मागे ठेवतो. तुम्ही हा साचा जसाच्या तसा उचलू नका. तुमच्या आजोबांची हयात सोसायटीचं कर्ज फेडण्यात गेली, कोडी घालायला त्यांना सवड कधी मिळाली? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवत असेल तर त्यालाही नमस्कार करून बाजूला ठेवा. त्याच्याकडे सायकल होती आणि पुण्याची हवा होती.

आता स्थळ. मुहैस्नाह हे दुबईचं शारजाच्या बाजूचं टोक. त्याचे क्रमांकाने ओळखले जाणारे भाग आहेत. दोन नंबरला सोनापूर, म्हणजे कामगारांच्या कॅम्पांची वस्ती, जिथून पहाटे कंपन्यांच्या बसगाड्या निघतात. चार नंबरला मदिना मॉल, शाळा, इमारती आणि तुमची नायिका. दोन्हींमध्ये अंतर फार नाही, पण नायिका तिकडे कधी गेलेली नाही आणि बाबा तो विषय काढत नाहीत. हे वाक्य पहिल्याच प्रकरणात टाका आणि विसरल्याचं सोंग करा.

पाठलागाचा प्रसंग जुलैत दुपारी घालू नका. 15 जून ते 15 सप्टेंबर उघड्यावर काम करणाऱ्यांनाही इथे साडेबारा ते तीन सक्तीची सुट्टी असते. खलनायक त्या उन्हात धावायला तयार होणार नाही. माळ्यावरची ट्रंकही मिळणार नाही, कारण फ्लॅटला माळा नसतो. गुपित कपाटावरच्या बॅगेत ठेवा, जी वर्षातून एकदा गावी जाताना खाली उतरते आणि विमानतळावर वजन करताना सगळ्यांसमोर उघडते.

मग संकेत निवडा. नवशिक्यांची पहिली उडी 'च'च्या भाषेवर पडते : पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि सुरुवातीला च लावायचा. "पगार किती" याचं "चगारप चतीकि" होतं. घरात हे धाकट्या भावापासून लपतं, बाकी कुणापासून नाही, कारण आईबाबा तीच भाषा बोलत मोठे झाले. जरा दमदार काही हवं असेल तर अल-किंदीला बोलवा. नवव्या शतकात बगदादमध्ये त्याने लिहून ठेवलं की भाषेत कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, सांकेतिक मजकुरातली चिन्हंही मोजा आणि जोड्या लावा. इथल्या शाळेत नायिकेला अरबी शिकावीच लागते, तेव्हा हा माणूस तिला अरबीच्या बाईंकडून कळू द्या. गूगलकडून कळला तर प्रकरण दोन ओळींत संपेल.

मोडी वापरण्याचा मोह आवरत नसेल तर वापरा, पण बेताने. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हात न उचलता लिहिलेली ओळ. नायिकेला ती गुप्त लिपी वाटेल यात नवल नाही. पण मोडी ही गुप्त लिपी नव्हेच. आजोबांच्या पिढीपर्यंत ती रोजच्या हिशेबाची लिपी होती, आणि उलगडल्यावर तो कागद बहुधा गहाणखत निघतो.

इथे जरा थांबा, कारण नव्वद टक्के हस्तलिखितं इथे बुडतात (आकडा माझा, खात्री तुमची). ज्याला खरंच लपवायचं असतं तो लिहितच नाही. संकेत लिहिला जातो तो कुणीतरी वाचावा म्हणूनच. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा लिप्यांत लिहिल्या, तेव्हा पंथातल्या माणसाला त्या सरळ वाचता येत होत्या. बाहेरच्यांसाठी मात्र त्या शतकानुशतकं बंद राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. म्हणून कादंबरीचं पहिलं पान लिहिण्याआधी ठरवा की आजोबांनी हे कुणासाठी लिहिलं? "वाचकांसाठी" हे उत्तर चालणार नाही.

चकवा एक तरी लागतो. तो बाबांच्या एमिरेट्स आयडीवर आहे. क्रमांक 784ने सुरू होतो, तो देशाचा आकडा; पुढचे चार अंक जन्मसाल. नायिका साल पाहते, मग तारीख पाहते : 1 जून. काकांची 1 जून. मजल्यावरच्या सातारच्या काकांचीही 1 जून. तिला बनावट ओळखपत्रांची टोळी दिसू लागते. दोन प्रकरणं तिला धावू द्या, मग आजीच्या व्हॉइस नोटमध्ये (व्हॉट्सअॅपचा कॉल अमिरातीत लागत नाही, हे लेखकावर उपकारच आहेत) कळू द्या की शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी 1 जून लिहून मोकळे होत.

खरा संकेत सातबाऱ्यावर आहे. हसू नका. मराठी घरातली गुपितं कुणी पुरून ठेवत नाही. ती कुणी वाचणार नाही या भरवशावर उघड्यावर पडलेली असतात. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस असतो आणि शेजारी वर्तुळात एक आकडा. हा फेरफाराचा क्रमांक. तो घेऊन फेरफाराच्या नोंदवहीत गेलात की ते नाव का आलं, कुणाच्या अर्जावर गेलं, कुठल्या तारखेला गेलं, सगळं सापडतं. डॅन ब्राऊनला पॅरिसचं संग्रहालय लागलं. तुम्हाला तलाठी पुरेल, आणि अलीकडचा उतारा तर मुहैस्नाहमध्ये बसून महाभूलेखवर दिसतो.

तर आजोबांनी काय केलं? कालनिर्णयच्या जुन्या पानामागे, दुधाच्या रतिबाच्या हिशेबात, चार आकडे लिहिले. अर्धा लिटर, एक लिटर, अर्धा लिटर आणि मध्येच 1847. एवढं दूध त्या घरात कधीच आलं नाही. हे नायिकेच्या लक्षात यायला हवं, कारण लहानपणी सुट्टीत तो हिशेब आजोबा तिच्याकडूनच करून घेत. कुणासाठी लिहिलं, याचं उत्तर मिळालं.

1847 नंबरचा फेरफार आत्याचं नाव घालवतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क महाराष्ट्रात 1994मध्ये आला, देशभर 2005मध्ये. तुमच्या कादंबरीतल्या आत्याने 2006मध्ये हक्कसोडपत्र केलं. तुकडा त्याच महिन्यात विकला गेला. बाबांच्या जुन्या पासपोर्टवरचा पहिला व्हिसा त्यानंतर दोन महिन्यांचा. पत्ता : मुहैस्नाह दोन. गावाला सांगितलं होतं, कंपनीने फ्लॅट दिलाय.

इथे बाबांना व्हिसा मिळवून देणाऱ्या एजंटला खलनायक करण्याची घाई करू नका, आत्याला देवी तर मुळीच करू नका. सही तिने राजीखुशीने केली की ओवाळणीच्या ताटात कागद ठेवला गेला, हे फेरफारात लिहिलेलं नसतं. तेवढं नायिकेला स्वतः विचारावं लागेल, आणि तुमच्या पुस्तकातला सगळ्यात थरारक प्रसंग तोच असेल. स्फोट काढून टाका.

शेवटच्या प्रकरणात जमीन आत्याच्या नावावर परत करू नका. विकलेला तुकडा परत येत नाही, आणि उरलेल्यात तिला हिस्सा द्यायचा तर बाबांचं मुखत्यारपत्र, दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासातली साक्षांकित सही आणि तलाठ्याची सवड लागते. ही तिन्ही एका प्रकरणात जुळत नाहीत. त्यासाठी दुसरा भाग लिहा.