स्वतःचा कार्यभार सांभाळून

टाळेबंदीच्या दुसऱ्या महिन्यात, 4 मे 2020 रोजी, राज्याच्या वित्त विभागाने शासन निर्णय काढला. त्या वर्षी विकासकामांच्या तरतुदीपैकी 33 टक्केच निधी मिळेल, नव्या योजना नाहीत, आरोग्यासारखी निकडीची खाती सोडली तर नवी भरती नाही. बातमी ऐकून सगळीकडे हायहाय सुरू झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातले प्रभारी सर तेवढे खूश दिसले. म्हणाले, ‘‘टक्का लेखी तरी दिलाय. इतकी वर्षं तोंडी होता.’’

प्रभारी सर म्हणजे कुणी एक माणूस नव्हे, ते वाण आहे. कमी पाण्यात येतं, खत मागत नाही, कीडरोगाला दाद देत नाही. कुठल्या बियाणे समितीने ते प्रसारित केलेलं नाही, तरी राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांत जोमाने फोफावलंय. लागवडीची पद्धत सोपी आहे. एखाद्याला शाल-श्रीफळ देऊन निरोप द्यायचा, त्याची जागा भरायची नाही आणि शेजारच्या टेबलावर पत्र ठेवायचं : ‘आपला स्वतःचा कार्यभार सांभाळून पुढील आदेशापर्यंत सदर पदाचा अतिरिक्त कार्यभार पाहावा.’ पुढील आदेश येतो, नाही असं नाही. पण तो आणखी एका कार्यभाराचा असतो.

आमच्या सरांचं मूळ पद चारा पिकांच्या संशोधनातलं. ‘फुले जयवंत’ गवताच्या ठोंबांवर तासभर बोलतील. पण आता त्यांच्याकडे बियाणे विक्री आहे, भांडार आहे, वसतिगृह आहे, तक्रार निवारण आहे. टेबलावर रबरी शिक्क्यांचं झाड आहे आणि त्यातला जो शिक्का हातात येईल त्याप्रमाणे सरांचा आवाज बदलतो. बियाणे विक्रीच्या सरांनी एकदा भांडाराच्या सरांकडे बारदान मागितलं. भांडाराच्या सरांनी मागणीपत्र परत केलं : ‘दुसरी प्रत जोडलेली नाही. त्रुटीपूर्तता करून फेरसादर करावे.’ शिपायाचं पद रिक्त, म्हणून जावक नोंदही सरांनीच केली आणि आवकही. मी हसलो तर रागावले. ‘‘लेखापरीक्षणात मी मला बारदान दिलं कसं, म्हणून विचारलं तर?’’

33 टक्क्यांचा हिशेब सरांनी मनावर घेतला होता. तीनपैकी एकच ट्यूबलाइट लावायची, कागद पाठकोरे वापरायचे. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी ‘अहमदनगर’ छापलेली पत्रशीर्षं त्यांनी रद्दीत जाऊ दिली नाहीत. निळ्या शाईने खोडून वर नवं नाव लिहितात, अक्षर मोठं सुरेख आहे. गाडं अडलं गोठ्यात. ‘फुले त्रिवेणी’ ही या विद्यापीठाचीच संकरित गाय. होल्स्टीन, जर्सी आणि गीर, तिघींचं रक्त एका अंगात. तिला 33 टक्के चारा घालून 100 टक्के दूध काढायचं कसं, याचं मार्गदर्शन शासन निर्णयात नव्हतं. सरांना त्या गाईचा फार लळा आहे. त्यांच्या मते विद्यापीठात तीन कार्यभार कुरकुर न करता सांभाळणारी त्यांच्याखेरीज ती एकटीच.

सरांचं खरं वैर आहे ते कॅलेंडरशी. पेरणी जूनमध्ये असते आणि पैसा मार्चमध्ये येतो. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांचा हिशेब 75 : 25 असा. दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेचे 75 टक्के, राज्याचे 25. मुंबईचे 25 पुण्याच्या कृषी परिषदेमार्गे राहुरीत उतरेपर्यंत हरभरा काढून झालेला असतो. मग 31 मार्चच्या आत तीन दरपत्रकं मागवून, जूनमध्ये लागणाऱ्या गोष्टींची बिलं उन्हाळ्यात जमवायची. विद्यापीठाचा स्थापनादिन 29 मार्च. हा मुहूर्त 1968 साली कुणी काढला असेल तो असो, त्याने मार्चएंड पाहिलेला नव्हता. मांडवात ‘फुले 265’ उसाचा आणि भगव्या डाळिंबाचा गौरव चाललेला असतो आणि सर मांडवामागे मोबाइलवर कुणाला तरी ‘‘जीएसटी नंबर टाका हो त्याच्यावर’’ म्हणून विनवत असतात.

एकदाच ते गंभीर झालेले आठवतात. म्हणाले, ‘‘संकर केल्यापासून वाण शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत दहा-बारा वर्षं जातात. मधल्या एका वर्षी चाचणीचा प्लॉट लावला नाही तर वहीत बचत दिसते. नुकसान दिसेल तेव्हा मी पेन्शनीत असेन.’’ एवढं बोलून वसतिगृहाची मोटर बंद पडली म्हणून उठून गेले.

कांद्याच्या बियाण्याला गर्दी उसळते तेव्हा सरांना बघावं. ‘फुले समर्थ’साठी नेवाशाहून आलेले एक आजोबा खिडकीशी पोचले, तर साठा संपलेला.

‘‘मंग तक्रार कुणाकडं करायची, सायेब?’’

सरांनी खिडकी लावली, आतून वळसा घालून पलीकडच्या दारातून बाहेर आले, खुर्ची पुढे केली. ‘‘बसा बाबा. बोला, काय तक्रार?’’

आजोबांनी चष्मा पुसून पाहिलं. ‘‘चौकशी कोन करनार?’’

‘‘बहुतेक मलाच करावी लागेल.’’

‘‘मंजी आमच्यावानीच की! पेरनारा मीच, खुरपनारा मीच, मार्केटात इकनारा मीच.’’ त्यांनी तक्रार मागे घेतली आणि पिशवीतल्या दोन भाकरींतली एक सरांना दिली. सरांनी ती कोणत्या शिक्क्याखाली स्वीकारली, माहीत नाही.

पुढल्या वर्षी सर निवृत्त होताहेत. पेन्शनच्या कागदांसाठी सगळ्या विभागांचं ना-देय प्रमाणपत्र लागतं. बहुतेक विभाग त्यांच्याकडेच, तेव्हा दुपारभरात काम उरकेल असं आम्हांला वाटलं. बियाणे विक्रीने दिलं, वसतिगृहाने दिलं. भांडाराने मात्र अडवून धरलंय. बियाणे विक्रीला दिलेल्या बारदानात चार पोती कमी भरली आणि भांडाराचे सर म्हणतात, संबंधितांनी आधी लेखी खुलासा करावा.