श्रवणयंत्राची कैफियत

मुक्काम स्टुटगार्ट,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

तीर्थरूप बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपल्या आशीर्वादाने येथील सर्व मंडळी क्षेम असून माझे दोन्ही कान शाबूत आहेत. हे वर्तमान थंडी-पावसाच्या नेहमीच्या मजकुराआधी लिहिण्याचे कारण असे, की गेल्या रविवारी आपल्या नातीने व्हिडिओवर आजीला "बाबांनी कानाला लावायचं मशीन घेतलं" एवढेच सांगून फोन ठेवला आणि त्या एका वाक्यातून मिरजेत जे जे उद्भवले ते ते मला दादाच्या संदेशांवरून क्रमाक्रमाने कळत गेले. आईने लसणीचे तेल कढवले; मावशीने आपल्या घराण्यात बहिरेपण कोणाकडून कोणाकडे आले याची सात पिढ्यांची वंशावळ काढली; आणि गल्लीगणिक दवाखाना असलेल्या आपल्या गावात कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या नावाने, आम्ही नाताळात येऊ तेव्हाची, वेळही घेऊन झाली. आपण मात्र तहसील कचेरीत ३६ वर्षे काढलेल्या अव्वल कारकुनास शोभेल अशा रीतीने 'खरेदीचे प्रयोजन काय, किंमत किती व मंजुरी कोणाची' एवढीच पृच्छा केलीत. सबब ही कैफियत.

जे घेतले ते श्रवणयंत्र नसून हेडफोन होय. त्यातही पाठ बंद असलेल्या, म्हणजे 'क्लोज्ड-बॅक' जातीचा.

प्रथम प्रयोजन. आमची कचेरी म्हणजे भिंतींवाचूनचे एक प्रशस्त दालन असून त्यात आम्ही २२ जण समोरासमोर बसतो. आपल्या कचेरीत निदान जमिनीपासून आढ्यापर्यंत रचलेली दप्तरे निम्मा आवाज गिळून टाकीत. येथे कागद नाही, दप्तर नाही, जिकडे पाहावे तिकडे काच, आणि त्यामुळे शेजाऱ्याच्या कळफलकाची टकटक, कॉफीच्या यंत्राचा घुरघुराट व दुपारी बाराच्या सुमारास जो तो दिसेल त्याला 'माल्त्साइट' म्हणून भोजनाच्या शुभेच्छा देत सुटतो तो गजर, हे सारे अव्याहत कानी आदळत असते. घरी ऐकावे म्हटले तर रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी अष्टौप्रहर शांतता राखण्याचा दंडक. जिना झाडण्याची आमची पाळी चुकली तर खालच्या मजल्यावरील आजीबाई एक वेळ क्षमा करतील, परंतु रविवार दुपारचा सारंग त्यांना मुळीच खपत नाही. तेव्हा संगीताला जागा उरली ती कचेरीतच. तेथे चार वर्षे जो स्वस्तातला हेडफोन मी वापरीत होतो, त्याच्या गाद्यांचे नकली चामडे उन्हाळ्यापासून सोलू लागले व त्याचे काळे पापुद्रे कानशिलांवरून माझ्या सदऱ्यावर झडू लागले. समोर बसणाऱ्या बाईंनी एके दिवशी मोठ्या संकोचाने मला त्वचारोगाच्या मलमाची नळी देऊ केली, तेव्हा हे प्रकरण तातडीचे झाले.

आता पाठ बंद कशाला, हे सांगणे प्राप्त आहे. हेडफोनातील पडदा पुढच्या बाजूस जितका आवाज करतो तितकाच मागच्या बाजूसही करीत असतो. पाठ उघडी ठेवली तर मागचा आवाज बाहेर निघून जातो, गाणे अंगणात बसून ऐकल्यासारखे मोकळे वाटते, आणि तेच गाणे शेजाऱ्यालाही फुकट ऐकू जाते. पाठ बंद केली तर आतले बाहेर व बाहेरचे आत जाणे पुष्कळसे थांबते, परंतु कोंडलेला आवाज आतल्या आत फिरून पुन्हा पडद्यावर येतो आणि कारागीर हुशार नसेल तर घागरीत तोंड घालून गायल्यासारखा घुमारा उठतो. या घुमाऱ्याचा बंदोबस्त ज्याला साधला त्याचा हेडफोन चांगला.

शनिवारी सौभाग्यवतीसह दुकानी गेलो. विक्रेत्याने प्रथम बॅटरीवर चालणारा, भोवतालच्या आवाजाच्या नेमका उलट आवाज निर्माण करून त्याला जागच्या जागी मारणारा प्रकार पुढे केला. विमानाच्या घरघरीसारख्या संथ व अखंड आवाजावर ही मात्रा उत्तम चालते, माणसांच्या बोलण्यावर तितकीशी नाही. यावर सौभाग्यवतीने त्यास विचारले, की आमच्या संगीतात आरंभापासून अखेरपर्यंत एक अखंड घरघर मुद्दामच ठेवलेली असते, तिलाही हे यंत्र मारील काय? तंबोऱ्याची ही व्याख्या ऐकून मी, मिरजकर या नात्याने, मान खाली घातली. विक्रेत्याने मात्र अत्यंत गांभीर्याने खुलासा केला, की बाहेरून आलेले मरते, गाण्यातले मरत नाही. तरीही रोज चार्ज करावी लागणारी आणखी एक वस्तू घरात नको म्हणून मी तो प्रकार नाकारला. मग सेनहायझरचा एचडी २८० प्रो आला. बाहेरचा आवाज तो ३२ डेसिबलपर्यंत अडवतो असे कंपनी सांगते, आणि अडवीतही असेल. परंतु त्याची पकड अशी, की मस्तक उसाच्या चरकात दिल्याचा प्रत्यय यावा. त्यातून मी चष्मेवाला. चष्म्याच्या काड्या गादीखाली फट पाडतात आणि त्या फटीतून सर्वांआधी डग्ग्याचा घुमार निसटून जातो, हे ज्ञान मला त्या दुकानात झाले. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ सालापासून ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात वावरलेला. त्यात गवयाचा श्वास तर ऐकू येतोच, मागच्या साथीदाराचे खाकरणेही ऐकू येते, पण थोड्याच वेळात तार सप्तक कानाला टोचू लागले.

अखेर बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हाती आला. ही कंपनी ऑयगेन बायर नावाच्या गृहस्थांनी १९२४ साली बर्लिनला काढली व युद्धानंतर ती हाइलब्रॉन येथे स्थिरावली, म्हणजे आमच्याच नेकार नदीच्या काठी, प्रवाहाच्या दिशेने पन्नासेक किलोमीटरवर. डीटी ४८ हा तिचा पहिला हेडफोन १९३७ सालचा. अब्दुल करीम खाँसाहेब निवर्तले तेही १९३७ सालीच, हे ध्यानात येताच माझा अर्धा निर्णय झाला. सौभाग्यवती म्हणाली, हा काही तांत्रिक निकष नव्हे. मान्य, पण ज्याने दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारे गाणे आपल्या मांडीवर पेंगत पेंगत पहाटेपर्यंत ऐकले, त्याने निकष दुसरीकडून कोठून आणावेत?

उरलेला अर्धा निर्णय तंबोऱ्याने केला. शाळेला जाता-येता सतारमेकर गल्लीत मी किती वेळ रेंगाळत असे याची आपणांस कल्पना आहेच, कारण त्याबद्दलचा मारही आपणच दिलेला आहे. कारागीर घोडीवर कानस फिरवी, तारेखाली सूत सरकवी, आणि सूत केसभर इकडचे तिकडे झाले की इतका वेळ मुकी असलेली तार एकाएकी बोलू लागे. ती जवारी मला दुकानात, काचेबाहेर हिमाचे बारीक कण पडत असता, जशीच्या तशी ऐकू आली; इतकेच नव्हे तर खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार वेगळा उठलेला कळला. दोष नाहीत असे नाही. वरचे स्वर जरा धारदार लागतात व डग्गा वाजवीपेक्षा फुगीर, जणू आपण श्रोत्यांत नसून तबलजीच्या मांडीला मांडी लावून बसलो आहो. पण कानांभोवतीच्या गाद्या मखमलीच्या आहेत व चष्म्याशी त्यांचे जमते.

याच हेडफोनाची ३२, ८० व २५० ओहम अशी तीन भावंडे मिळतात. ओहम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा रोध; आपल्या गल्लीतील पाण्यावरून हे चटकन कळेल. नळाचा दाब तोच, पण तळमजल्यावर हंडा भरतो आणि तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते. २५० ओहमवाला हा तिसऱ्या मजल्यावरचा बिऱ्हाडकरू असून त्याला ॲम्प्लिफायर नामक पंप बसवून द्यावा लागतो. तो सर्वांत तलम, असे विक्रेता शपथेवर सांगत होता. मी मधला, ८० ओहमचा घेतला. तो कचेरीच्या लॅपटॉपवर पुरेसा वाजतो. किंमत १३९ युरो, त्यात १९ टक्के विक्रीकर समाविष्ट. मंजुरी सौभाग्यवतीची, आधी तोंडी, मग नाइलाजाने कायम. रुपयांत गुणाकार आपण एव्हाना केला असेलच, त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

एक प्रकरण मात्र आपणांपासून लपवणे उचित नव्हे. बंद पाठीच्या हेडफोनात बाहेरचे जसे ऐकू येत नाही तसा स्वतःचा आवाजही किती चढला याचा अंदाज राहात नाही. गेल्या मंगळवारी खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी लावली होती. तीन-सव्वातीन मिनिटांची जुनी तबकडी, आणि तिच्यात केवढी ती तळमळ! मी आपला मनातल्या मनात गुणगुणत असल्याच्या समजात होतो. मान वर केली तेव्हा २१ माणसे काम थांबवून माझ्याकडे पाहात होती व मलमवाल्या बाई माझ्या खुर्चीशी येऊन, फार दुखते आहे काय, डॉक्टरांना बोलवू काय, असे विचारीत होत्या. सायंकाळी साहेबांचे पत्र आले. भारतीय संगीताविषयी त्यांना नितांत आदर असल्याचे नमूद करून, हेडफोनाची योजना संगीत आतल्या आत राहावे अशीच असावी असा आपला आजवरचा समज होता, तो बरोबर आहे काय, अशी त्यांनी विचारणा केली आहे. खुलासा मी लेखी सादर केला आहे.

तेव्हा विनंती एवढीच, की आईने कढवलेले तेल वाया जाऊ न देता दादाच्या गुडघ्याला लावावे, आणि डॉक्टरांची घेतलेली वेळ रद्द न करता तीवर मावशीस घेऊन जावे. परवा फोनवर तिला मी 'हेडफोन' हा शब्द तीनदा मोठ्याने सांगितला, तरी तिने शेवटी विचारले ते हेच, की टेलिफोन जुना असताना नवा कशाला घेतलास.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
धाकटा