वीस टक्क्यांचे आप्पा

मिरजेपासून कऱ्हाडपर्यंतच्या उसाच्या पट्ट्यात कुठल्याही गावात जा, एक आप्पा भेटतातच. पासष्टी ओलांडलेली, झेडपीच्या शाळेतून निवृत्ती, मळ्यात अडीच एकर ऊस, साखर कारखान्याचं सभासदत्व आणि अंगणात ताडपत्रीखाली १९९७ची कार्बोरेटरवाली मारुती ८००. मुलगा 'विकून टाका' म्हणाला की आप्पांना कमी ऐकू येतं.

पंपावर आप्पांची गाडी वळली की पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात.

"किती टक्के?"

"काका, सगळीकडं वीसच."

"आणि ते पलीकडचं महागडं?"

"त्यातबी वीस."

"मग आम्ही निवडायचं काय?"

"रोख का स्कॅनर?"

आप्पांचं खरं दुःख इथं आहे. इथेनॉलचा त्यांनी एवढा अभ्यास केला आणि निवड करायची वेळ आली तेव्हा निवडच उरली नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आलं तेव्हा ते ठरावीक पंपांवरच मिळायचं. आप्पा ते पंप हेरून टाळायचे. दोन-अडीच वर्षांत टाळायला पंपच राहिला नाही. बिनइथेनॉलचं पेट्रोलही मिळावं, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली, त्या रात्री आप्पा जेवले नाहीत म्हणतात. (काकू म्हणतात, जेवले, फक्त भाकरी एक कमी.) इंग्लंडातल्या लेकीचा मात्र त्यांना हेवा वाटतो. तिथं सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई-१० झालं, तरी जुन्या गाड्यांसाठी सुपरमध्ये ई-५ शिल्लक ठेवलंय. लेकीकडे गाडी विजेची आहे, हे ते सांगत नाहीत.

ॲव्हरेज पडल्याची तक्रार खोटी नाही, फुगवलेली आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. साध्या पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि ई-१०साठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२०वर सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच आहे. म्हणजे सोळाचं पंधरा. आप्पा 'सोळाचं बारा झालं' म्हणतात. उरलेल्या तीन किलोमीटरांचा हिशोब टायरमध्ये गेल्या दिवाळीला भरलेल्या हवेत आणि मागच्या सीटवरच्या युरियाच्या पोत्यात सापडतो.

प्रयोगही झाले. काचेच्या बरणीत पेट्रोल घेऊन त्यात पाणी ओतलं, हलवलं, ठेवलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याला जाऊन मिळतं आणि खालचा थर फुगतो. तो फुगलेला पाहून आप्पा 'भेसळ!' म्हणून ओरडले. पंपवाल्यानं जे सांगून दिलं होतं, तेच बरणीत दिसत होतं. ती बरणी काकूंनी लोणच्याला परत घेतली नाही.

मग आप्पांनी शंभर ऑक्टेनचा ध्यास घेतला. पुण्याला गेले की लिटरला दीडशेच्या वर मोजून ते टाकी भरतात. जास्त ऑक्टेन लागतं जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला. या गाडीचा रेशो नऊच्या आसपास. त्या ऑक्टेनचा तिला काडीचा उपयोग नाही. पण परतीच्या वाटेवर खंबाटकी घाटात ती 'पळत होती' असं ते शपथेवर सांगतात.

त्यांचा मिस्त्री कमी बोलतो. बॉनेट उघडून त्यानं एक नळी दोन बोटांत दाबली. "आप्पा, रबर सत्त्याण्णवचंच हाय. वीस टक्के काय, नुसत्या वासानं फुटंल." ऑगस्ट २०२५मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानंही मान्य केलं होतं, की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात. आप्पांची गाडी वर्षाला दोन हजार चालते, म्हणजे तो मुहूर्त दहा-पंधरा वर्षांनी. खरा धोका ती उभी राहण्यात आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पावसाळाभर ताडपत्रीखालच्या अर्ध्या टाकीत दुसरं काय होणार? वर ते टाकीतला जुना चिकटा सोडवतं आणि तो जाऊन फिल्टरमध्ये बसतो. नळ्या, फिल्टर, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम बदलायचा, मिश्रण पातळ पडत असेल तर कार्बोरेटर जुळवून घ्यायचा आणि आठवड्यातून एकदा गाडी फिरवायची. जुन्या गाडीवाल्यानं एवढं केलं तरी पुरे. आप्पांना हे पटलं नाही, कारण यात टक्केच नव्हते.

आता दुसरे आप्पा. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१मध्ये झाले, त्यातला एक मिरजेत. त्याचा अभिमान आप्पांइतका कुणालाच नाही. ७ डिसेंबर २०२३ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, तेव्हा निवेदनावर पहिली सही यांची. रसाच्या इथेनॉलला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे मिळतात, हा आकडा त्यांना तोंडपाठ. तो कमी आहे, असं ते चावडीवर पटवून देतात. चावडीवरून उठून पंपावर जातात आणि विचारतात, "किती टक्के?"

कारखान्याची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. डिस्टिलरीची क्षमता वाढवण्याच्या ठरावाला सूचक म्हणून आप्पांचं नाव आहे.